चिकणमाती आणि कडाक्याची थंडी: रिटेनिंग वॉल डिझाइन करताना कुठून सुरुवात करायची

रिटेनिंग वॉल, म्हणजे मागची माती अडवून धरणारी भिंत, बांधायची म्हटली की नवीन माणसाचा पहिला प्रश्न जाडीचा असतो, भिंत किती इंची घेऊ, सळई किती एमएमची टाकू, आणि चिकणमातीत, त्यातून जमीन गोठते अशा थंडीच्या ठिकाणी, हाच प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. आधी पाणी कुठून येणार आणि कुठून बाहेर पडणार हे ठरवा, मग भिंतीमागे भराव कसला टाकायचा ते, मग पाया किती खोल न्यायचा ते, आणि हे सगळं कागदावर आल्यावर मग भिंत. क्रम उलटा झाला की काँक्रीट कितीही भक्कम ओता, काही हिवाळ्यांत भिंत पुढे सरकायला लागते आणि मग दुरुस्ती नावाची गोष्ट जवळपास नसतेच, पाडून नवीनच बांधावी लागते.

खालचं सगळं मी साधारण १ ते २ मीटरच्या भिंती डोळ्यासमोर ठेवून लिहितोय. यापेक्षा उंच भिंत, किंवा भिंतीच्या वर घर, रस्ता, पार्किंग, चढ असं काही असेल तर जिओटेक्निकल (म्हणजे माती आणि पायाच्या) इंजिनिअरशिवाय पुढे जाऊ नका. परवानगीचे नियम जागोजागी वेगळे असतात. उदाहरणार्थ अमेरिकेतल्या इंटरनॅशनल बिल्डिंग कोडमध्ये पायाच्या तळापासून वरच्या कडेपर्यंत ४ फूट म्हणजे सुमारे १.२ मीटरपर्यंतच्या भिंतीला, वर जादा भार नसेल तर, परमिट लागत नाही. इथे "पायाच्या तळापासून" हे लक्षात ठेवा, लोक जमिनीपासून मोजतात आणि फसतात.

आधी माती हातात घ्या

खोदल्यावर माती चिकट लागली म्हणजे ती शुद्ध चिकणमाती (क्ले) असेलच असं नाही, बऱ्याचदा तिच्यात सिल्ट, म्हणजे वाळूपेक्षा बारीक पण क्लेपेक्षा जाड कणांची माती, मिसळलेली असते आणि थंडीच्या दृष्टीने हे मिश्रण फार वाईट. म्हणून पायाच्या खोलीवरची आणि मधल्या थरांमधली अशी वेगवेगळी माती काढा, वरचा मुरमाड किंवा झाडांच्या मुळांचा थर यात धरू नका.

घरच्या घरी करण्यासारखी सगळ्यात कामाची चाचणी म्हणजे हलवून बघण्याची. मुठीत मावेल एवढी माती पाणी घालून मऊ करा, तळहातावर चपटी थापा आणि दुसऱ्या हाताने त्या हाताच्या कडेवर टकटक मारत राहा. काही सेकंदांत वरचा भाग ओला होऊन चकाकायला लागला, आणि मग बोटांनी दाबल्यावर ती चकाकी गायब होऊन थापी कोरडी पडून तडकली, तर त्यात सिल्ट भरपूर आहे. चकाकी आलीच नाही, माती नुसती चिकट गोळा होऊन बसली, तर क्ले जास्त. मग त्याच मातीची तळहातावर वळून बारीक दोरी करून बघा, ३ मिलिमीटर जाडीची दोरी न तुटता होतेय आणि पुन्हा पुन्हा गोळा करून वळता येतेय म्हणजे माती चांगलीच प्लॅस्टिक आहे. वाळलेलं ढेकूळ बोटांनी चुरडलं जातं का तेही बघा, सिल्टचं ढेकूळ पीठ होतं, क्लेचं बोटांना दाद देत नाही.

बरणीची चाचणी सगळ्यांना माहीत असते: माती, पाणी, हलवून ठेवायचं. वाळू मिनिटभरात खाली बसते, सिल्टला काही तास लागतात, आणि क्लेमुळे दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच असतं. अंदाजाला ठीक आहे पण भिंत मोठी असेल तर लॅबमधून कणांच्या आकाराची चाचणी आणि अटरबर्ग लिमिट्स (किती ओलाव्याला माती वळता येते आणि किती ओलाव्याला पातळ होते) काढून घ्या. या दोन ओलाव्यांमधला फरक, म्हणजे प्लॅस्टिसिटी इंडेक्स, साधारण ३५ च्या वर आला तर माती जोरात फुगणारी आहे असं धरून चला. मॉन्टमोरिलोनाइट जातीचे खनिज असलेली क्ले पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते, उन्हाळ्यात जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा पडत असतील तर लॅबच्या आधीच तुम्हाला उत्तर मिळालंय. फुगताना तिला अडवलं तर ती जो दाब टाकते तो नेहमीच्या मातीच्या दाबापेक्षा कितीतरी जास्त असू शकतो, आणि त्या दाबाला पुरेल अशी भिंत बांधण्यापेक्षा ती माती भिंतीपासून लांब ठेवणं केव्हाही परवडतं.

अजून एक, भूजल पातळी. सगळ्यात ओल्या मोसमात खड्डा घ्या, वर झाकण टाका आणि निदान काही दिवस तसाच ठेवा. चिकणमातीतून पाणी इतकं हळू झिरपतं की पहिल्या दिवशी खड्डा कोरडा दिसला याला काहीच अर्थ नाही.

थंडी नेमकं काय करते

पाणी गोठलं की साधारण ९ टक्क्यांनी वाढतं आणि म्हणून माती उचलते, असं सगळीकडे सांगितलं जातं. हे अपुरं आहे, आणि अपुरं असल्यामुळे डिझाइन चुकतं. अमेरिकन भूशास्त्रज्ञ स्टीफन टेबर यांनी १९२९-३० च्या सुमारास छापलेल्या प्रयोगांमध्ये मातीत पाण्याऐवजी बेंझीन भरून ती गोठवली. बेंझीन गोठताना आकुंचन पावतं, तरीही माती वर उचलली गेली. म्हणजे मुख्य कारण पाण्याचं प्रसरण नव्हे, गोठण्याच्या सीमेकडे खालून नवीन पाणी ओढलं जातं ते आहे. दिव्याची वात तेल ओढते तसे बारीक कणांमधले मार्ग पाणी ओढत राहतात, ते तिथे येऊन गोठतं, आणि बर्फाचा पातळ थर, ज्याला आइस लेन्स म्हणतात, जाड जाड होत जातो. पाणी मिळतंय तोवर तो वाढतोय.

आता सिल्टचं का महत्त्व ते कळेल. वाळू-खडीत कणांमधल्या जागा मोठ्या, तिथे ओढच लागत नाही. शुद्ध जाड क्लेमध्ये ओढ प्रचंड पण पाणी इतकं हळू सरकतं की लेन्सला वाढायला वेळ लागतो. सिल्ट आणि सिल्टी क्लेमध्ये ओढही पुरेशी आणि वाटही पुरेशी मोकळी. माती-अभियांत्रिकीचे जाणकार आर्थर कासाग्रांदे यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला दिलेला निकष आजही लोक वापरतात: वेगवेगळ्या आकाराचे कण असलेल्या मातीत ०.०२ मिलिमीटरपेक्षा बारीक कण ३ टक्क्यांपेक्षा जास्त असतील तर ती थंडीने उचलणारी समजायची. ३ टक्के म्हणजे किती कमी बघा, "थोडी माती मिसळलेली खडी" भराव म्हणून का चालत नाही ते इथे कळतं.

आणि भिंतीच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी नवीन लोकांच्या लक्षातच येत नाही. मोकळ्या जमिनीत थंडी वरून खाली जाते म्हणून लेन्स आडव्या होतात आणि जमीन वर उचलते. रिटेनिंग वॉलला थंडी दर्शनी बाजूनेही लागते, काँक्रीटमधून आरपार जाऊन मागच्या मातीत आडवी शिरते, त्यामुळे तिथे लेन्स उभ्या, भिंतीला समांतर बनतात आणि भिंतीला थेट बाहेर ढकलतात. वसंतात बर्फ वितळला की भिंत मागे येत नाही, कारण मध्ये तयार झालेल्या फटीत सुटी माती, खडी घसरून बसलेली असते. पुढच्या हिवाळ्यात तिथूनच पुढे ढकलणं सुरू. थोडं थोडं करत भिंत झुकते आणि मालक म्हणतो अचानक झालं.

लेन्स व्हायला तीन गोष्टी एकत्र लागतात: उचलणारी माती, गोठवणारी थंडी, आणि पाणी. थंडी तुमच्या हातात नाही (इन्सुलेशनने थोडी आहे, ते पुढे सांगतो), पण माती आणि पाणी हातात आहे, यातली एक जरी गोष्ट पक्की काढली तरी काम होतं आणि शहाणा माणूस दोन्ही काढतो.

गोठण्याची खोली

स्थानिक बांधकाम खात्याकडे फ्रॉस्ट डेप्थचा, म्हणजे जमीन किती खोल गोठते याचा, आकडा असतो, तो घ्याच. पण तो साधारण मोकळ्या, सपाट जमिनीचा असतो. तुमची भिंत दोन बाजूंनी थंडी खाते, वरचा बर्फ कुणी रोज साफ करत असेल तर बर्फाचं पांघरूणही जातं आणि तिथली जमीन आणखी खोल गोठते. शिवाय कोरडी खडी ओल्या चिकणमातीपेक्षा जास्त खोल गोठते, हे ऐकून बरेच जण चमकतात. कारण सोपं आहे, खडीत पाणी कमी, म्हणजे गोठवायला काढावी लागणारी उष्णता कमी, म्हणजे थंडी भराभर आत जाते.

अंदाज काढायला स्टेफानचं समीकरण पुरतं: २ गुणिले मातीची उष्णतावाहकता गुणिले फ्रीझिंग इंडेक्स (हिवाळाभर रोजचं सरासरी तापमान शून्याखाली किती अंश गेलं त्याची बेरीज, दिवसांचे सेकंद करून), भागिले मातीच्या एक घनमीटरमधलं पाणी गोठवायला लागणारी उष्णता, आणि या सगळ्याचं वर्गमूळ. उदाहरण घ्या, फ्रीझिंग इंडेक्स ५०० डिग्री-दिवस, वाहकता १.८ वॅट प्रति मीटर-डिग्री, कोरडी घनता घनमीटरला १६०० किलो, ओलावा २० टक्के. गणित केलं की सुमारे १.२ मीटर येतं. हे समीकरण जरा जास्तच खोली देतं, पण सुरक्षित बाजूला चुकतंय तर चुकू द्या.

पायाचा तळ या खोलीच्या खाली गेला पाहिजे, आणि ही खोली भिंतीच्या पुढच्या, म्हणजे सखल बाजूच्या जमिनीपासून मोजायची. मागे दोन मीटर माती आहे म्हणून पाया सुरक्षित आहे असं नसतं. पुढे नंतर फरशी, पायवाट, गटार खोदायचा विचार असेल तर तो आत्ताच धरा, नाहीतर पायावरचं आवरण कमी होऊन सगळा हिशोब बिघडतो.

इतकं खोल जायचं नसेल तर एक्सपीएस बोर्ड, म्हणजे जमिनीत वापरतात तो बंद पेशींचा फोम, मदतीला येतो. ढोबळ नियम असा की २५ मिलिमीटर बोर्ड सुमारे ३०० मिलिमीटर मातीइतकं संरक्षण देतो. पायाच्या पुढे आडवा, बाहेरच्या बाजूला थोडा उतार देऊन, वर ३०० मिलिमीटर तरी माती ठेवून. आणि भिंतीच्या पाठीला उभा, त्याने ती आडवी शिरणारी थंडी कमी होते. उन्हापासून आणि पेट्रोल-डिझेलपासून तो जपावा लागतो.

ब्लॉक रचून केलेल्या, मॉर्टर नसलेल्या भिंती थोडी हालचाल सोसतात म्हणून त्यांचा पाया बऱ्याचदा फ्रॉस्ट डेप्थपर्यंत नेत नाहीत, खडीच्या थरावर बसवतात. चालतं, पण खाली सिल्टी क्ले असेल तर ती काढून स्वच्छ खडी भरा, आणि त्या खडीच्या तळाला साचणारं पाणी बाहेर काढायची सोय करा. चिकणमातीत खोदलेला खड्डा खडीने भरला तर पाणी साठवायची टाकी तयार होते, बाकी काही नाही.

पाणी: इथे कंजूषी करू नका

वरून सुरुवात करा. भिंतीमागच्या जमिनीला भिंतीपासून उलट्या दिशेला २ टक्के तरी ढाळ, आणि चढावरून पाणी येत असेल तर मागे उथळ चर काढून ते बाजूला वळवा. छताचे पाइप भिंतीमागे सोडायचे नाहीत म्हणजे नाहीत. खडीच्या भरावावर जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड) टाकून वरच्या २०० ते ३०० मिलिमीटरमध्ये कमी झिरपणारी माती, म्हणजे पावसाचं पाणी थेट आत शिरत नाही. खोदलेल्या चिकणमातीचा हाच काय तो उपयोग, फार फुगणारी असेल तर तोही नाही.

खाली, हीलच्या (पायाचा भिंतीमागे भरावाखाली जाणारा भाग) पातळीला १०० मिलिमीटरचा छिद्रांचा पाइप, छिद्रं खालच्या बाजूला, १०० ला १ तरी ढाळ. भोवती २० मिलिमीटरची धुतलेली खडी आणि खडीभोवती विणलेलं नसलेलं जिओटेक्स्टाइल. कापड थेट पाइपला गुंडाळू नका, सिल्टी मातीत ते चोंदतं; कापड खडी आणि मातीच्या मध्ये हवं. पाइपच्या दोन्ही टोकांना वर आणलेली क्लीनआउट तोंडं ठेवा, दहा वर्षांनी कुणीतरी पाण्याचा फवारा मारून पाइप साफ करेल तेव्हा त्याला तुमची आठवण येईल.

आता थंडीचा खास प्रश्न: पाइपचं तोंड गोठतं. वसंतात वरचा बर्फ आणि वरची माती वितळायला लागते, खालची माती आणि पाइपचं तोंड अजून गोठलेलंच असतं, पाण्याला खाली वाट नाही, पुढे वाट नाही, आणि भिंतीमागे नेमकं तेव्हाच सगळ्यात जास्त पाणी. वर्षातला सगळ्यात धोक्याचा काळ हाच. म्हणून तोंड सावलीत न काढता ऊन येणाऱ्या बाजूला काढा, शेवटच्या काही मीटरला जास्त ढाळ द्या, तिथे पाइप मोठ्या व्यासाचा घ्या, वर एक्सपीएस घाला, जमलं तर दोन वेगवेगळ्या ठिकाणी तोंडं काढा. उंदीर शिरू नये म्हणून जाळी. काँक्रीटच्या भिंतीत ७५ ते १०० मिलिमीटरची वीप होल्स, म्हणजे पाणी बाहेर पडायची आरपार छिद्रं, दीड-दोन मीटरवर ठेवतातच, ठेवा, पण ती दर्शनी बाजूला असल्यामुळे पहिल्याच थंडीत गोठतात, त्यांच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका.

भराव

बाहेर काढलेली चिकणमाती परत भिंतीमागे टाकायची नाही. मला माहितीये खडी आणायला आणि माती न्यायला खर्च येतो, पण भिंतीचा अख्खा स्वभाव या एका निर्णयावर ठरतो. भराव स्वच्छ, निचरा होणारा, बारीक कण ५ टक्क्यांच्या आत आणि जमलं तर ३ च्या आत.

किती रुंद? ३०० मिलिमीटरची खडीची पट्टी पाणी काढायला पुरते, दाब कमी करायला पुरत नाही. भिंतीवर मातीचा जो त्रिकोणी तुकडा रेलतो तो खडीसारख्या भरावात आडव्याशी साधारण ६० अंशांच्या रेषेवर सुटतो. त्या त्रिकोणात चिकणमाती उरली तर भिंतीला चिकणमातीचाच दाब लागतो, पट्टी मध्ये असो वा नसो. म्हणजे २ मीटर उंचीला हीलच्या टोकापासून वर साधारण १.१५ मीटर मागेपर्यंत खडी हवी. आणि थंडीसाठी, भिंतीच्या दर्शनी पृष्ठभागापासून मागे फ्रॉस्ट डेप्थएवढ्या अंतरात उचलणारी माती नको. दोन्हीपैकी जे जास्त येईल ते घ्या.

भराव १५० ते २०० मिलिमीटरच्या थरांत दाबत या. भिंतीपासून १ मीटरच्या आत फक्त हलका प्लेट कॉम्पॅक्टर. जड रोलर भिंतीजवळ आणला तर तो दाब मातीत अडकून राहतो आणि कायमचा भिंतीवर बसतो. गोठलेली ढेकळं भरावात टाकायची नाहीत, वितळल्यावर तिथे पोकळी आणि चिखल होतो.

आता हिशोब

भरावाचा घर्षण कोन (कण एकमेकांवर घसरायला किती विरोध करतात त्याचं माप) ३० अंश धरला तर अ‍ॅक्टिव्ह दाबाचा, म्हणजे भिंत किंचित पुढे सरकल्यावर तिच्यावर येणाऱ्या मातीच्या दाबाचा, गुणांक ०.३३ येतो. घनमीटरचं वजन १९ किलोन्यूटन. पायाच्या तळापासून उंची २ मीटर. इथेच थांबून बघा: गोठण्याची खोली १ मीटर असेल तर यातली दिसणारी भिंत फक्त १ मीटर आहे, पण हिशोब २ मीटरचाच करायचा, कारण पुढच्या बाजूची ती १ मीटर माती दर हिवाळ्यात गोठते, वितळते, मऊ पडते, तिचा आधार धरता येत नाही.

दाब म्हणजे ०.५ × ०.३३ × १९ × २ × २, जवळपास १२.७ किलोन्यूटन, भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीला. उंची दुप्पट झाली की हा दाब चौपट होतो आणि उलथवणारा मोमेंट (बळ गुणिले अंतर) आठपट, म्हणून "अजून अर्धा मीटर वाढवू" हे सहज बोलायचं वाक्य नाही.

समजा भिंतीचा दंड म्हणजे उभा भाग २५० मिलिमीटर जाड, पायाची जाडी २५० मिलिमीटर, पुढे टो (पायाचा भिंतीपुढे येणारा भाग) ४०० मिलिमीटर, मागे हील ७५० मिलिमीटर, एकूण पाया १.४ मीटर. दंडाचं वजन १०.५, पायाचं ८.४, हीलवरच्या भरावाचं २४.९, बेरीज ४३.८ किलोन्यूटन. उलथण्याविरुद्ध सुरक्षा गुणांक (रोखणारं भागिले ढकलणारं) ४ च्या वर येतो, माणूस खूश होतो. आता घसरणं तपासा. खाली चिकणमाती, तळाचा घर्षण कोन २० अंश धरला तर रोखणारं बळ ४३.८ × ०.३६४, म्हणजे १५.९. भागिले १२.७, आलं १.२५. हवं होतं १.५. नापास. चिकणमातीवर भिंत बहुतेक वेळा उलथण्याआधी घसरते, आणि नवीन लोक नेमकं उलथणंच तपासून थांबतात.

उपाय सोपा, हील वाढवा. ती १ मीटर केली की पाया १.६५ मीटर होतो, वजन ५३.६ आणि गुणांक १.५४. पायाखाली की म्हणजे खाली उतरवलेला काँक्रीटचा दात देऊनही मदत होते, पण ती गोठण्याच्या खोलीखाली आणि न हललेल्या मातीत असेल तरच.

आता पहिल्याच भिंतीमागे पाणी काठोकाठ भरलंय असं धरा. मातीचा दाब पाण्यात बुडाल्यामुळे ६.१ पर्यंत उतरतो, पण पाण्याचा स्वतःचा दाब ०.५ × ९.८१ × ४ म्हणजे १९.६. एकूण २५.७, आधीच्या दुपटीहून जास्त, आणि घसरण्याचा गुणांक ०.६ वर येतो, तेही पायाखालून वर ढकलणारं पाणी न धरता. सुधारलेली, १.६५ मीटर पायाची भिंतसुद्धा यात टिकत नाही. ड्रेनेजवर मी एवढं का लिहिलं ते या एका आकड्यात आहे.

भिंतीच्या मागे चढ असेल तर गुणांक बदला, २ ला १ चढाला (दोन मीटर आडवं, एक मीटर वर) ०.३३ चा सुमारे ०.५४ होतो. वर गाडी उभी राहणार असेल तर साधारण १० किलोपास्कल भार धरतात, २ मीटरला त्याचे आणखी ६.७ किलोन्यूटन, आणि ते अर्ध्या उंचीवर लागतात म्हणून जास्त उलथवतात. पायाखालच्या मातीवरचा दाब टोच्या बाजूला किती येतो आणि वजनांची एकत्रित रेषा पायाच्या मधल्या तिसऱ्या भागातून जाते का तेही बघा.

चिकणमातीच्या चिकटपणाचा, म्हणजे कोहेजनचा, आधार धरण्याचा मोह होतो, कागदावर दाब शून्याच्या जवळ येतो. धरू नका. तो कोरड्या दिवसांतला आणि थोड्या काळाचा आहे, उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यांत पाणी भरतं आणि भिंतीला पाण्याचा पूर्ण दाब मिळतो. दीर्घकाळाच्या हिशोबात कोहेजन शून्य. आणि उतारावर चिकणमाती असेल तर भिंतीसकट अख्खा उतारच खोलवरून सरकू शकतो, वाकलेली झाडं, जमिनीतल्या जुन्या पायऱ्या दिसल्या तर तो तपास तज्ज्ञाकडूनच.

भिंत कोणती आणि काँक्रीट कसं

हालचाल होणारच अशा जागी लवचिक भिंत बरी: गॅबियन (दगड भरलेल्या जाळीच्या पेट्या) किंवा बिनमॉर्टरचे ब्लॉक, मागे कापड आणि खडी. जिओग्रिड, म्हणजे भरावात आडवी टाकायची मजबूत जाळी, टाकत असाल तर लांबी उंचीच्या ०.६ ते ०.७ पट तरी, आणि ग्रिडच्या पट्ट्यात चिकणमाती अजिबात नको. काँक्रीटची भिंत असेल तर हवेचे सूक्ष्म बुडबुडे असलेलं म्हणजे एअर एंट्रेन्ड काँक्रीट, साधारण ५ ते ७ टक्के हवा, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या आत. जवळ रस्त्यावर बर्फासाठी मीठ टाकत असतील तर यात तडजोड नाही. मातीवर थेट ओतलेल्या बाजूला सळईवर काँक्रीटचं ७५ मिलिमीटर कव्हर.

खोदताना आणि नंतर

चिकणमातीची उभी कड पहिल्या दिवशी दगडासारखी उभी राहते आणि नंतर कधीही, काही न सांगता कोसळते. कड तिरकी करा किंवा आधार लावा, त्याशिवाय खोल चरात कुणालाही उतरवू नका, पाच मिनिटांसाठीसुद्धा. पायाचा तळ उघडा पडला की त्याच दिवशी पीसीसीचा (साध्या, बिनसळईच्या काँक्रीटचा) थर टाका, तळाच्या मातीला ऊन लागलं तर ती तडकते आणि पाऊस लागला तर लोण्यासारखी होते. गोठलेल्या जमिनीवर पाया ओतायचा नाही, आणि ताजं काँक्रीट निदान ३.५ मेगापास्कल ताकद येईपर्यंत गोठू द्यायचं नाही. भराव पूर्ण व्हायच्या आधीच हिवाळा आला तर मोकळा पाया आणि त्याखालची जमीन इन्सुलेटेड ताडपत्रीने झाका. पहिल्याच हिवाळ्यात उघडा राहिलेला पाया खालून उचलला गेल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

भिंत उभी राहिल्यावर तिच्या माथ्यावर तीन-चार ठिकाणी खुणा करा. शरद ऋतूत जमीन गोठण्याआधी एकदा आणि वसंतात सगळं वितळल्यावर एकदा, ओळंबा सोडून भिंत किती झुकलीये ते मोजा आणि तारखेसकट लिहून ठेवा. पहिल्या वर्षी काही मिलिमीटर हालली तर घाबरू नका, भराव बसतो. पण दर वसंतात आकडा वाढतच चाललाय, किंवा उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागात आडवा तडा दिसतोय, तर मागे पाणी अडतंय, क्लीनआउट उघडा आणि आत पाणी सोडून बघा ते दुसऱ्या तोंडातून बाहेर येतंय का. मोठ्या पावसानंतर पाइपच्या तोंडातून स्वच्छ पाणी वाहायला हवं, गढूळ येत असेल तर कापड कुठेतरी फाटलंय आणि माती वाहून जातेय, आणि काहीच येत नसेल तर त्याच आठवड्यात शोध घ्या, थंडी पडायच्या आत.